सातबारा परगावी कसा ठेवावा
(नवशिक्यांसाठी सोपी मार्गदर्शिका : आरमोरी तालुका आवृत्ती)

उद्दिष्ट

ही मार्गदर्शिका वाचून झाल्यावर वाचकाला आपला सातबारा, आधार, जातीचा दाखला, पासबुकाचे पहिले पान आणि लग्नाचे फोटो शेकडो किलोमीटर लांब, ज्यांचे तोंडही कधी पाहिले नाही अशा लोकांकडे बिनधास्त ठेवता येतील. आणि मुख्य म्हणजे ते परत मिळवता येतील. पहिले काम पाच मिनिटांचे आहे. दुसऱ्यासाठी बाकीची मार्गदर्शिका लिहावी लागली.

हे शिकायचेच कशाला, असे पेटीवाले विचारतील. पत्र्याची पेटी, पेटीत थैली, थैलीत आणखी एक थैली आणि तिच्यात कागद, ही पद्धत काही वाईट नाही. तिला शत्रू तीनच : उधई, वैनगंगा आणि हत्ती. उधईबद्दल कोणाला सांगायला नको. वैनगंगेचे म्हणाल, तर ऑगस्ट 2020 च्या शेवटी गोसीखुर्द धरणाचे सगळे 33 दरवाजे उघडले आणि ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरीकडच्या काठावरच्या गावांत पाणी शिरले. पूर ओसरला की पंचनामा होतो, पंचनाम्याला कागद लागतात, कागद पेटीत असतात आणि पेटी पाण्यात असते. हत्तींचा कळप 2021 मध्ये छत्तीसगडच्या बाजूने गडचिरोली जिल्ह्यात आला. तो येतो धानासाठी. पण भिंत पाडताना पेटी कोणत्या कोपऱ्यात आहे, हे विचारत नाही.

साहित्य

1. एक स्मार्टफोन. काच फुटलेली असली तरी चालेल.
2. सुरू असलेले सिम. ते आपल्या स्वतःच्या नावावर आणि आपल्या स्वतःच्या खिशात असावे. याचे कारण पाठ 2 मध्ये येईल.
3. टावर. घरात नसेल तर गच्चीवर, गच्ची नसेल तर पाणंदीवर, जिथे गावातली पोरे संध्याकाळी ओळीने उभी असतात तिथे.
4. एक वही आणि एक पेन. हसू नका. सगळ्या साहित्यात हेच सर्वात महत्त्वाचे ठरणार आहे.

पाठ 1 : कागद जातो कुठे?

या ठेवण्याला क्लाउड, म्हणजे ढग, म्हणतात. पण वर पाहू नका, वर काही नाही. तुम्ही फोनवरून चढवलेली फाइल जाते एका इमारतीत. अशा इमारती नवी मुंबईत ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात बऱ्याच आहेत. काही सिंगापूरला आहेत, काही अमेरिकेत. तुमची फाइल नेमकी कोणत्या इमारतीत आहे हे कंपनी सांगत नाही, आणि आपणही विचारायचे नसते. आत रांगेने यंत्रे असतात, ती रात्रंदिवस चालतात आणि तापतात, म्हणून त्यांना बारा महिने थंडगार हवा लागते. मे महिन्यात शेजारच्या ब्रह्मपुरीचा पारा 46-47 वर जातो तेव्हाही तुमचा सातबारा वातानुकूलित खोलीत असतो. तुम्ही नसता.

एवढ्या यंत्रांना वीज कुठून येते? चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राची क्षमता 2920 मेगावॉट. तिथून थेट कल्याणजवळच्या पडघ्यापर्यंत 752 किलोमीटरची उच्चदाबाची लाइन 1999 पासून आहे. म्हणजे आपल्या शेजारच्या जिल्ह्यात कोळसा जाळून केलेली वीज मुंबईच्या अंगाला जाते, आणि आरमोरीत लाइन गेली तरी तुमचा फोटो तिकडे उजेडात बसलेला असतो. याला अन्याय म्हणायचे की सोय, हे ज्याने त्याने ठरवावे. परीक्षेत या प्रश्नाला गुण नाहीत.

तत्त्व मात्र जुनेच आहे. बियाण्याचे धान सगळेच आपल्या घरी न ठेवता एक पोते बहिणीच्या गावी ठेवणाऱ्या माणसाला ते वेगळे शिकवायला नको : दोन्ही गावांवर एकाच रात्री संकट येत नाही. फरक एवढाच की बहीण ओळखीची असते. इथे तुम्ही कोण हे तुम्हाला दर वेळी सिद्ध करावे लागते.

पाठ 2 : खाते कोणाचे?

इथे निम्मा वर्ग नापास होतो, म्हणून सावकाश वाचा.

आपल्याकडे बहुतेकांचा जीमेल जन्माला येतो सेतू केंद्रात. धान खरेदीची ऑनलाइन नोंदणी करायची असते, पोराचा शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचा असतो, मागे रांग असते. ऑपरेटर विचारतो, "ईमेल आहे का जी?" आपण म्हणतो, "नाही जी." तो दीड मिनिटात काढून देतो. पासवर्ड तोच ठरवतो : तुमचे नाव, मग अ‍ॅटचे चिन्ह, मग 123. खात्री पटवण्यासाठी लागणारा नंबरही घाईघाईत त्याचाच जातो, कारण तुमचा फोन घरी चार्जिंगला असतो. फॉर्म भरला जातो, पावती मिळते, सगळे खूश.

दोन वर्षांनी फोन बदलतो. नवा फोन पासवर्ड मागतो. तुम्हाला पासवर्ड नावाची काही वस्तू असते हेही आठवत नाही. गुगल विनम्रपणे सांगते की ओटीपी पाठवला आहे. तो गेलेला असतो अशा ऑपरेटरच्या फोनवर, ज्याने मधल्या काळात केंद्र बंद करून वडशाला मोबाइलचे दुकान टाकले आहे.

म्हणून नियम : खाते ज्याच्या नंबरवर, कागद त्याचे. इमारत मुंबईत असो की सिंगापुरात, ती सहसा दगा देत नाही. दगा होतो तो या एका रकान्यात. आजच फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन रिकव्हरीचा नंबर पाहा. तो तुमचा नसेल तर पुढचे पाठ वाचण्यात अर्थ नाही.

नंबर तुमचाच असला तरी तो जिवंत ठेवा. 90 दिवस नंबर वापरलाच नाही तर तो बंद होऊ शकतो, आणि पुढे काही काळाने कंपनी तो दुसऱ्याला देऊ शकते. मग तुमचे ओटीपी कोल्हापूरच्या कोणा सद्गृहस्थाला येऊ लागतात आणि त्यांनाही कळत नाही की आरमोरीहून हे काय चालले आहे.

पाठ 3 : चढवणे

एक साधे गणित. टावर बरा असेल आणि वर जाणारा वेग 2 एमबीपीएस मिळत असेल, तर 1 जीबी चढायला तासाहून थोडा जास्त वेळ लागतो. दिवसाला दीड जीबीचा पॅक असेल तर 15 जीबी भरायला दहा दिवस, आणि त्या दहा दिवसांत घरातल्या कोणी एकही व्हिडिओ पाहायचा नाही. हे दुसरे काम पहिल्यापेक्षा अवघड आहे.

म्हणून क्रम लावा. आधी कागद : सातबारा, आठ-अ, आधार, दाखले, पासबुक, वनहक्काचा पट्टा असेल तर तो. सगळे मिळून चार-दोन लग्नाच्या फोटोंएवढी जागा घेतात. त्यानंतर नुकसानीचे फोटो. हत्तीने धान तुडवले, पुराने बांध फोडला, की त्याच दिवशी फोटो काढून त्याच दिवशी चढवा; साहेब येईपर्यंत चिखल वाळतो. मग म्हाताऱ्यांचे जुने फोटो. सगळ्यात शेवटी झाडीपट्टीच्या नाटकाचे रात्रभराचे रेकॉर्डिंग, कारण त्या एकट्याने सगळी जागा संपते.

कागदाचा फोटो दिवसा, सावलीत, कागद सपाट ठेवून काढावा. पलंगावर, चादरीसकट, अंगठ्यासकट काढू नये. ज्या दाखल्याच्या क्रमांकावर अंगठा आहे तो दाखला चढवला काय आणि न चढवला काय.

पाठ 4 : जागा संपणे

गुगल फुकट देते 15 जीबी. त्यात मेल, ड्राइव्ह आणि फोटो तिघांचाही हिस्सा आहे. 1 जून 2021 पर्यंत दर्जा थोडा कमी करून चढवलेल्या फोटोंना मोजदाद नव्हती, तेव्हापासून आहे. आता व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही याच 15 जीबीत मोजला जातो. म्हणजे रोज पहाटे मामेभावाकडून येणारा गुलाबाचे फूल आणि सुविचार असलेला सुप्रभात तुमच्या वनहक्काच्या पट्ट्याशेजारी, तितक्याच इतमामाने जपून ठेवला जातो.

जागा पूर्ण भरली की नवे काही चढत नाही, आणि मेल येणेही बंद होते. मुलाखतीचा निरोप मेलवर यायचा होता त्या पोराला हे उशिरा कळते. उपाय सोपा : महिन्यातून एकदा व्हॉट्सअ‍ॅपचे व्हिडिओ पुसा. मामेभावाला सांगू नका.

पाठ 5 : पुसणे

सर्वात घातक पाठ. अनेकांची समजूत असते की फोटो वर गेले, आता फोनमधले पुसायला हरकत नाही. गुगल फोटोजमध्ये बसून तुम्ही पुसलेत, की ते आज्ञाधारकपणे वरचेही पुसते. तुम्ही दोन प्रती समजत होता ती एकच प्रत होती, दोन खिडक्यांतून दिसणारी. वर गेलेला फोटो कचरापेटीत 60 दिवस राहतो. ड्राइव्हवरची फाइल 30 दिवस. तेवढ्यात लक्षात आले तर वाचलात. फोन रिकामा करायचाच असेल, तर त्याच अ‍ॅपमध्ये जागा मोकळी करण्याचा वेगळा पर्याय आहे, तो वापरा.

आणि कोणी दोन वर्षे खाते उघडलेच नाही, तर गुगल ते अख्खे खाते काढून टाकू शकते. कधीतरी लागेल म्हणून ठेवलेल्या वस्तूकडे अधूनमधून डोकावावे लागते.

पाठ 6 : सरकारी कपाट

डिजिलॉकर 1 जुलै 2015 ला सुरू झाले. इथे कागद दोन जातींचे. एक सरकारी खात्याकडून थेट आलेला : आधार, वाहन परवाना, गुणपत्रिका. तो कायद्याने मूळ कागदाच्या बरोबरीचा. दुसरा तुम्ही स्वतः फोटो काढून टाकलेला. तो नुसता फोटो. त्याला मान झेरॉक्सएवढाच. काउंटरवर दोन्ही सारखेच दाखवून भांडणारे पुष्कळ आहेत. भांडण्याआधी आपला कागद कोणत्या जातीचा ते पाहावे.

आता ज्या सातबाऱ्यासाठी एवढा खटाटोप केला, त्याची गंमत ऐका. तो मुळात तुमच्या घरात नाहीच. 1 मे 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन मिळतो, 15 रुपये भरून केव्हाही उतरवून घ्या. पेटीतला तो नुसता उतारा. पण फेरफार नोंदवताना नाव चुकले, हिस्सा कमी लागला, तर आधी काय होते हे दाखवायला तो जुना उताराच लागतो. म्हणून जुनाही चढवा आणि पेटीही विकू नका.

पाठ 7 : इमारत जळाली तर?

जळते. 26 सप्टेंबर 2025 ला दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरात सरकारी डेटा केंद्राला आग लागली. कर्मचाऱ्यांची कामाची कागदपत्रे ज्यात होती ती 858 टीबीची साठवण जळून गेली, आणि तिची दुसरी प्रत बाहेर कुठेच नव्हती. तंत्रज्ञानात जगाच्या पुढे असलेल्या देशाचे हे झाले.

म्हणून जाणकार तीन-दोन-एकचा नियम सांगतात : तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक परगावी. आपल्यासाठी त्याचा अर्थ : एक मूळ कागद पेटीत, एक फोनमध्ये किंवा पेनड्राइव्हवर, एक वर.

आता वही काढा. गुगलच्या खात्यात दोन टप्प्यांची तपासणी सुरू केली की ते दहा बॅकअप कोड देते, आठ-आठ आकड्यांचे. फोन नसताना तेच कामी येतात. ते वहीत लिहा आणि वही पेटीत नको, लेकीच्या किंवा भावाच्या घरी ठेवा. घरातल्या एकाला तरी वही कुठे आहे ते सांगा. माणूस जातो तेव्हा त्याचा फोन चार दिवसांत चार्जिंगविना बंद पडतो, महिन्यात रिचार्ज संपतो, आणि विम्याचे कागद मात्र ओटीपी मागत वर बसून राहतात.

शंकानिरसन

शंका : पासवर्ड सेतूवाल्याला सांगितला तर चालेल का?
उत्तर : तो चांगला माणूस आहे. तरीही नाही.

शंका : "सर्व्हर डाउन आहे जी, उद्या या," म्हणजे माझे कागद गेले का?
उत्तर : नाही. कागद आहेत, दार बंद आहे. उद्या जा. परवाही जावे लागेल.

शंका : बँकेतून बोलतो म्हणून कोणी ओटीपी मागितला तर?
उत्तर : फोन ठेवा. वाद घालू नका, त्याला सवय आहे.

प्रात्यक्षिक परीक्षा

आपला फोन पुरात गेला असे समजा. तो बंद करून पेटीत टाका. शेजाऱ्याचा फोन मागून घ्या, गच्चीवर जा आणि दहा मिनिटांत आपल्या खात्यातला जातीचा दाखला उघडून दाखवा. पासवर्ड आठवला आणि वहीतला कोड चालला, तर पास. ओटीपीची वाट पाहत बसलात, तर नापास. तीन प्रती नसतील तर पेपर तपासला जाणार नाही. कॉपी सक्तीची असलेली राज्यातली ही बहुधा एकमेव परीक्षा.

फोन परत देताना लॉगआउट करा. विसरलात तर पाठ 2 पासून पुन्हा, आणि या वेळी शेजाऱ्यासोबत.