सिंहगडकाका लेहला जातात

पुण्याहून लडाखला निघालेल्या कुठल्याही गटात एक सिंहगडकाका असतातच. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे, पोट सपाट, गुडघे शाबूत आणि या दोन्हींचा उघड अभिमान. दर रविवारी सिंहगड. किती मिनिटांत चढतात ते विचारायची गरज नाही, ते सांगतातच. वर पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही, आणि आंघोळीच्या वेळेला घरी हजर. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून उंच, हे त्यांना तोंडपाठ असतं. पण त्यांच्या लेखी हा सगळा मामला पायांचा. फुप्फुसांनी आणि मेंदूने त्यात नाक खुपसू नये.

तयारी मात्र जय्यत. बॅगेच्या खास कप्प्यात भीमसेनी कापूर, होमिओपॅथीच्या कोका ३० च्या गोड गोळ्यांची बाटली, लसणाच्या सोललेल्या पाकळ्या आणि करोनाच्या काळात घेतलेला पल्स ऑक्सिमीटर. विमानतळावरच ते सगळ्यांच्या रुमालाला कापूर बांधून देतात. कापराने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, रक्तातला ऑक्सिजन कणभरही वाढत नाही. पण वाटायला कापूर बरा पडतो आणि वाटणाऱ्याला मान मिळतो.

गटातल्या डॉक्टरबाई आधीच्या मीटिंगमध्ये वेगळंच सांगत असतात. उंची लागू नये म्हणून डायमॉक्स, म्हणजे अ‍ॅसिटाझोलामाइड, १२५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, वर जायच्या आदल्या दिवसापासून. पण आपापल्या डॉक्टरांना विचारून, आणि सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगून. बोटांना मुंग्या येतील, लघवीला वारंवार जावं लागेल, घाबरू नका. काका मध्येच म्हणतात, ‘‘गोळ्या खाऊन डोंगर बघायचे असतील तर हेलिकॉप्टरनेच जा की!’’ आणि पहाटेच्या लेहच्या विमानात खिडकीची जागा मिळाली का, ते मोबाइलवर बघू लागतात.

खरी पंचाईत कार्यक्रमपत्रिकेत असते. ‘पहिला दिवस : हॉटेलवर आराम.’ काकांना हे वाक्य टूरवाल्याची चलाखी वाटते. माणशी एवढे पैसे भरले आणि दिवसभर पलंगावर पडायचं? झोपायला पुण्यात काय वाईट होतं? डॉक्टरबाई समजावून थकतात. लेहच्या हवेतही ऑक्सिजन २१ टक्केच आहे, पण हवेचा दाब समुद्रकाठच्या दोन तृतीयांशाच्या आसपास, म्हणून प्रत्येक श्वासात तो कमी येतो. शरीर श्वास वाढवतं, मूत्रपिंडं रक्ताचा तोल नव्याने जमवतात, आणि या कामाला दिवस लागतात. सिंहगडाची सवय तिथे उपयोगी पडत नाही. श्रीनगर-कारगिलच्या रस्त्याने, वाटेत मुक्काम करत आलं तर शरीराला थोडी सवलत मिळते. विमान ती देत नाही. काका मान डोलावतात आणि विचारतात, ‘‘शांती स्तूप हॉटेलपासून किती लांब?’’

सकाळी लेहला उतरल्यावर त्यांना काहीही होत नाही. इथेच घोटाळा आहे. उंचीचा त्रास बहुधा सहा-बारा तासांनी डोकं वर काढतो. तोवर काका छाती फुगवून हॉटेलच्या अंगणात फिरतात. लडाखी ड्रायव्हर हसून ‘‘जुले, सर, आज सो जाइए’’ म्हणतो, तर त्यालाच आपलं रविवारचं सिंहगडाचं वेळापत्रक ऐकवतात. मग ऑक्सिमीटर निघतो आणि खोल्याखोल्यांतून दहावीच्या निकालासारखी चौकशी सुरू होते. ‘‘तुम्हाला किती? शहाऐंशी? मला एकोणनव्वद!’’ स्वतःचा आकडा ८३ आला तर बोट गार होतं म्हणतात, तळहात चोळतात, दुसरं बोट घालतात, मग तिसरं. ८८ दिसला की झटकन यंत्र काढून घेतात. पहिल्या दिवशी तिथे ऐंशीच्या घरातले आकडे पुष्कळांचे असतात. त्यावरून कोणाला त्रास होणार ते नक्की सांगता येत नाही, पण गुणवत्ता यादी लागल्याशिवाय काकांना चैन पडत नाही.

दुपारी सगळे पांघरुणात असताना काका हळूच बूट घालतात. स्तूपाच्या पायऱ्या, वर फोटो, तो लगेच सोसायटीच्या ग्रुपवर. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर ते गप्प असतात. पोळीचा तुकडा ताटातल्या ताटात फिरतो.

‘‘अहो, डोकं दुखतंय का?’’ काकू विचारतात.

‘‘छे गं! पहाटेचं विमान, झोप झाली नाही.’’

‘‘मळमळतंय?’’

‘‘यांच्या डाळीत तूप फार आहे.’’

काकू कधी गडावर गेलेल्या नाहीत. त्यांचे गुडघे दुखतात, त्या दिवसभर झोपल्या, तहान लागली तसं पाणी प्यायल्या आणि आता दुसऱ्यांदा भात घेत आहेत. उंची लागण्याला तब्येतीची भीड नसते. धडधाकट माणसालाही ती लागते, किंबहुना तो दुखणं लपवतो आणि धावपळ करतो म्हणून जास्तच गोत्यात येतो.

मग टूर लीडर, तिशीतला पोरगा, काकांना हॉटेलच्या बोळात नेतो. एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना टेकवत सरळ रेषेत चालायला सांगतो. काकांना ही आपली शारीरिक क्षमता चाचणी वाटते आणि ते हात पसरून ऐटीत चालून दाखवतात. पोरगा सुटकेचा श्वास टाकतो. तोल गेला असता, बोलणं असंबद्ध झालं असतं, किंवा बसल्या जागी धाप लागली असती, तर रात्रीच दवाखाना आणि खाली उतरणं याला पर्याय नव्हता. मेंदूला सूज आली किंवा फुप्फुसात पाणी झालं की माणूस काही तासांत जाऊ शकतो. त्या वेळी उद्यावर ढकलायचं नसतं.

काकांचं डोकेदुखीवर भागतं. डोकेदुखीची गोळी, रात्रीची बाटली बंद, झोपेची गोळी नाही, दुसरा दिवसही सक्तीने अंथरुणात. खारदुंग ला खिंडीचा दौरा मग एक दिवस उशिरा होतो आणि तिथेही काका पाटीसमोरून हलत नाहीत. जुन्या पाटीवर १८,३८० फूट होते, मोजणीत १७,५८२, यावर त्यांना वाद घालायचा असतो. ड्रायव्हर हॉर्न वाजवतो, कारण एवढ्या उंचीवर वीसेक मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं नाही हे त्याला ठाऊक असतं.

पुण्यात परतल्यावर काका सांगतात, ‘‘तिथे माझी खास टेस्ट घेतली, फक्त माझीच! पहिल्या फटक्यात पास.’’ पुढच्या वर्षी स्पिती.

तुमच्या गटात असे काका असतील तर त्यांना माहिती पुरवू नका, ती त्यांच्याकडे तुमच्याहून जास्त आहे. पहिले दोन दिवस त्यांचे बूट तेवढे काकूंच्या ताब्यात द्या.