मुळशीचे कानसेन

पौड मागे टाकून मुळशी धरणाच्या दिशेने निघालं की डोंगरउतारावर पुणेकरांची टुमदार घरं दिसू लागतात. त्यांत साधारण तीन जातींची माणसं राहतात. पहिली जात सेंद्रिय भाजी पिकवते आणि ती मार्केट यार्डापेक्षा चौपट महाग का पडली याचा हिशेब वहीत मांडते. दुसरी आत्मचरित्र लिहिते. या दोघांपासून पाहुण्याला फारसा धोका नाही. भाजी घरी नेता येते आणि आत्मचरित्र बहुधा पूर्ण होत नाही. तिसरी जात कानसेनांची. यांच्या तावडीत सापडलेला माणूस चहाला म्हणून जातो आणि लाइट जाईपर्यंत सुटत नाही.

कानसेन साठी ओलांडलेले असतात. नोकरी चाकण-पिंपरीकडच्या कारखान्यात, त्यातही ‘क्वालिटी’ खात्यात झालेली; त्यामुळे समोर आलेली वस्तू नापास करण्यासाठीच पाठवली आहे अशा नजरेने बघायची सवय. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये खालच्या मजल्यावरचे लोक जिन्यात गाठून बोलू लागले, तेव्हा त्यांनी मुळशीत जागा घेतली. बाकीचे इथे येतात ते डोंगर, हवा, जलाशय असलं काहीबाही सांगत. कानसेन एकच कारण सांगतात, ‘‘इथला नॉइज फ्लोअर फार खाली आहे हो.’’ जागा बघायला आले तेव्हा एजंट सातबारा दाखवत होता आणि हे मोबाइलवर डेसिबल मोजत होते.

त्यांच्या हॉलमध्ये टीव्ही नाही, शोकेस नाही, झोपाळा तर नाहीच, कारण त्याच्या कड्या वाजतात. समोरच्या भिंतीपासून चांगले तीन फूट पुढे कोरडी वाळू भरलेले दोन लोखंडी स्टँड आणि त्यांच्यावर दोन लाकडी खोकी. प्रत्येक खोकं पाच लिटरच्या तेलाच्या डब्याएवढं. ‘एवढ्यासाठी एवढं?’ हा प्रश्न पाहुण्याच्या चेहऱ्यावर उमटतोच, आणि कानसेन त्याचीच वाट बघत असतात. मग बीबीसीची गोष्ट सुरू होते. बाहेरच्या कार्यक्रमांचं ध्वनिमुद्रण करणाऱ्या व्हॅनमध्ये मोठे स्पीकर मावेनात, म्हणून १९७०च्या दशकात बीबीसीच्या इंजिनिअरांनी एलएस थ्री-फाइव्ह-ए नावाचा चिमुकला स्पीकर घडवला. निवेदकाचा आवाज निवेदकासारखाच वाटावा, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. खोकं लहान, म्हणून खालचा खर्ज नाही. ती उणीव जाणवू नये म्हणून खर्जाच्या जरा वरच्या पट्टीत किंचित फुगवटा. एक वॅट दिला तर एक मीटरवर जेमतेम ८३ डेसिबल. ‘‘लहान खोकं, खोल खर्ज आणि थोडक्या वॅटमध्ये मोठा आवाज. हॉफमननं सांगून ठेवलंय, या तिन्हीतलं काहीतरी एक सोडावंच लागतं,’’ असं कानसेन सांगतात, तेव्हा हॉफमन हा पर्वतीच्या पायथ्याशी राहणारा त्यांचा मावसभाऊ असावा असं वाटतं.

हे स्पीकर बुकशेल्फ जातीचे. पण बुकशेल्फवर ठेवलेत तर कानसेन तुमच्याशी बोलणं टाकतील. भिंत जवळ आली की खर्ज सुजतो. पुस्तकांचं कपाट आहे, पण ते मागच्या भिंतीला, आवाज विखुरण्यासाठी. केतकरांच्या ज्ञानकोशाचे खंड तिथे विषयवार नव्हे, जाडीवार लावले आहेत. मी एकदा चाळायला म्हणून एक खंड काढला, तर ते कळवळून म्हणाले, ‘‘अहो, तो ठेवा आधी! चारशे हर्ट्झला खड्डा पडतो.’’ ज्ञानाचा असा उपयोग खुद्द केतकरांनाही सुचला नसेल.

आता गाणं. कानसेनांकडे भीमसेन आहेत, किशोरीताई आहेत, कुमार आहेत, मन्सूर आहेत. मात्र कोणाचाही अंतरा त्यांच्या घरात अद्याप वाजलेला नाही. स्थायीचा मुखडा आला, समेवर तबला पडला, की बोट वर. ‘‘पडला बघा! डग्गा कसा जागच्या जागी पडला!’’ लगेच दुसरी फाइल. किशोरीताई दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये बसल्या आहेत, हार्मोनियम उजवीकडे हातभर मागे, आणि तंबोरा थेट न्हाणीघराच्या दारापाशी, असं ते हाताने हवेत दाखवतात. एकदा बालगंधर्वांच्या जुन्या तबकडीतही त्यांनी मला सारंगीची जागा दाखवली. ती तबकडी एकाच कर्ण्याची, म्हणजे मोनो. तिच्यात डावं-उजवं असणार कुठून? पण समोरचा माणूस इतक्या आनंदात असताना मोनोचा विषय काढवत नाही.

तंबोऱ्यावर मात्र त्यांचं ऐकावं. काळी एकच्या पट्टीत षड्ज १३९ हर्ट्झच्या आसपास आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ला. हे डबे तिथे पोचेपर्यंत धापा टाकायला लागतात. तरी तंबोरा भरून का येतो? कारण जवारी केलेल्या तारेत मूळ सुरापेक्षा वरचे स्वनच अधिक बोलतात, आणि ते नीट पोचले की खालचा हरवलेला सूर कान आपल्या पदरचा घालतो. स्पीकर वाजवत नाही ते आपण ऐकतो. हे सांगताना कानसेन खरोखर सुंदर दिसतात. त्या क्षणी त्यांनी गाणं पुढे चालू ठेवलं असतं तर मी त्यांचा शिष्य झालो असतो.

पण कानाने ऐकलेलं कानसेनांना पुरत नाही. ते मोजावं लागतं. त्यासाठी बोटाएवढा माइक आणि लॅपटॉप. २० हर्ट्झपासून २०,००० पर्यंत चढत जाणारी एक लांबलचक ‘घूंऽऽऊईईऽऽ’ सोडायची आणि पडद्यावर आलेख उमटवायचा. खोलीत हे केलं की आलेख निघतो तो खोलीचा. आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर धावतो, म्हणजे साडेचार मीटर लांबीची खोली ३८ हर्ट्झच्या आसपास स्वतःच घुमू लागते. त्यात स्पीकरचं कर्तृत्व काही नाही. म्हणून मोजणी उघड्यावर. पण उघड्यावरही जमीन असतेच! स्पीकर आणि माइक जमिनीपासून एक मीटरवर आणि एकमेकांपासून एक मीटरवर ठेवले, तर जमिनीवर आपटलेला आवाज थेट आवाजामागून साडेतीन-पावणेचार मिलिसेकंदांत माइकपाशी हजर होतो, आणि मग साधारण २८० हर्ट्झच्या खालचं काही खात्रीने सांगता येत नाही. तीन मीटर उंच चढवलं तर सवड १५ मिलिसेकंदांवर जाते आणि ७० हर्ट्झपर्यंत खरं दिसतं.

एवढं गणित झाल्यावर माणूस गप्प बसेल कसा? कानसेनांनी अंगणात बांबूचं माचाण बांधून घेतलं. खालच्या वाडीतला एक शेतकरी बांधावरून बघत होता.

‘‘काय काका, डुकरं राखताय व्हय?’’

भाताच्या दिवसांत रानडुकरांसाठी त्या भागात माचाणावर जागतात, तेव्हा प्रश्न रास्त होता. कानसेनांनी त्याला फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स समजावून सांगितला. त्यानेही अदबीने ऐकून घेतला. रात्री वारा पडल्यावर, नॉइज फ्लोअर सर्वांत खाली असताना, माचाणावरून ती ‘घूंऽऽऊईईऽऽ’ डोंगरावर पुन्हा पुन्हा आपटत राहिली. सकाळी तोच माणूस दारात उभा. ‘‘काका, रातच्याला एक बी डुक्कर फिरकलं न्हाई बघा. आमच्या वावराकडं बी लावा की चार दिस!’’ स्पीकरबद्दलचा इतका निखळ अभिप्राय कानसेनांना आजवर दुसऱ्या कोणी दिलेला नाही, आणि त्यांनी तो अजून वहीत नोंदवलेलाही नाही.

मोजणी आणि कान यांचं त्यांच्याकडे असं आहे की दोन कोर्टं आहेत आणि अपील कुठल्याही कोर्टातून कुठल्याही कोर्टात चालतं. आलेख सरळ आला आणि ऐकताना मजा आली नाही, तर ‘‘कानांची सवय बिघडलीय, आलेखावर भरवसा ठेवा.’’ ऐकायला गोड वाटलं आणि आलेखात टेकाड निघालं, तर ‘‘सगळंच काही मोजता येत नाही हो.’’ कॅनडातल्या फ्लॉइड टूल या शास्त्रज्ञाचं नाव ते दिवसातून दोनदा घेतात, तेही गुरुमाउली म्हणाल्यासारखं. टूल यांनी दाखवलं की समोरून सपाट आणि बाजूनेही गुळगुळीत उतरत जाणारा प्रतिसाद असेल, तर तो स्पीकर बहुतेक लोकांना आवडतो. त्यांनीच शॉन ऑलिव्ह यांच्याबरोबर १९९४मध्ये हेही दाखवलं की स्पीकर डोळ्यांना दिसत असतील तर आवडीनिवडी बदलतात; देखणं आणि मोठं खोकं ऐकायलाही बरं वाटू लागतं. कानसेनांच्या पारायणात पहिला अध्याय रोज होतो, दुसरा गाळला जातो.

तो दुसरा अध्याय त्यांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, घरच्या घरी करून पाहिला. लंडनहून आलेली अंगठ्याएवढी जाड तार आणि पौडच्या हार्डवेअरच्या दुकानातली साधी तार, यांतला फरक पडद्याआडून ओळखायचा. दोन्हींचा आवाज मोजून सारखा केला, कारण अर्ध्या डेसिबलने मोठा वाजणारा स्पीकर मोठा न वाटता चांगला वाटतो. हे गुपित प्रत्येक दुकानदाराला ठाऊक असतं. दांडीवर जुनं इरकल टाकलं. कानसेन डोळे मिटून बसले. ‘‘ही लंडनची... उघड आहे! केवढी हवा आहे वरच्या सप्तकात!... आणि ही पौड. सगळं चोंदलं.’’ काकू पडद्याआडून आल्या त्या हातात चहाचा रिकामा कप घेऊन. तार त्यांनी एकदाही बदलली नव्हती. ‘‘अहो, दोन्ही वेळा पौडच होती.’’ कानसेन क्षणभर थांबले. मग म्हणाले, ‘‘दुसऱ्या वेळी तू पुढे सरकून बसली असणार. माणसाच्या अंगात आवाज मुरतो.’’ खरंच मुरतो. म्हणून तर या माणसाशी वाद घालता येत नाही. त्यांच्या प्रत्येक सबबीमागे पदार्थविज्ञान उभं असतं.

साठीनंतर बहुतेकांच्या कानांना बारा हजार हर्ट्झच्या वरचं जवळजवळ ऐकूच येत नाही. कानसेनांचा नवा ट्वीटर मात्र तीस हजारांपर्यंत जातो. त्या घरात त्याचा खरा लाभार्थी म्हणजे वाडीतून येऊन-जाऊन असणारा गावठी कुत्रा, ज्याला चाळीस हजारांपर्यंत ऐकू येतं. ट्वीटर बदलल्यावर कुत्र्याने कान टवकारले की कानसेन काकूंकडे विजयी मुद्रेने बघतात. स्वयंपाकघरातली कुकरची तिसरी शिट्टी मात्र त्यांना ऐकू आलेली नसते.

सगळ्यात मोठं संकट मुळशीचंच. शांतता म्हणून जी विकत घेतली, ती जूनमध्ये संपते. ताम्हिणीकडून पाऊस आला की तो पत्र्यावर, पानांवर, धरणावर असा काही कोसळतो की स्पीकर तपासायला लागणारा गुलाबी गोंगाट फुकट आणि चार महिने अखंड मिळतो. त्यात लाइट जाते. टाटांनी मुळा अडवली, ती अडवू नये म्हणून १९२१ ते १९२४ इथल्या मावळ्यांनी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला, तरी गावं बुडाली. आणि धरणाचं पाणी बोगद्यातून कोकणात भिऱ्याला उतरून १९२७पासून मुंबईसाठी वीज करू लागलं. त्या पाण्याच्या काठावर बसून कानसेन श्रावणात मेणबत्ती लावतात. त्यांची तक्रार अंधाराची नसते. इन्व्हर्टरवर भीमसेनांच्या खर्जात पन्नास हर्ट्झची गुणगुण मिसळते, ही असते.

अशाच एका उघडिपीच्या दुपारी त्यांना नवी चाचणी हवी होती. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ या अभ्यासकांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. संग्रह एक लाखाच्या वर गेला, आणि त्या गाणाऱ्या कितीतरी बायका याच मुळशी तालुक्यातल्या. १९९०च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साथीने त्यातल्या काहींचं ध्वनिमुद्रणही झालं. कानसेनांनी त्यातली एक ओवी लावली ती जात्यासाठी. दगडाची घरघर हे डबे कुठवर पेलतात ते बघायला. लॅपटॉपवर रेघ हलत होती. केर काढायला आलेल्या मावशी दारात थांबल्या, कुंचा भिंतीला टेकवला, आणि जरा वेळाने म्हणाल्या, ‘‘वैरण सरलीया तिची. रिकामं फिरतंय जातं.’’

कानसेनांनी गाणं थांबवलं, मागे नेलं, परत लावलं. घरघर खरंच एका जागी बदलत होती. त्यांनी ती जागा मोठी करून पाहिली, खालवर पाहिली, आणि मावशींना विचारलं, ‘‘हे तुम्हाला कुठल्या फ्रीक्वेन्सीला कळलं?’’ मावशी म्हणाल्या, ‘‘पुढची ओवी लावा की. कडव्याच्या मधीच काय बंद करताय?’’

तेव्हा पहिल्यांदा त्या घरात एक गाणं शेवटपर्यंत वाजलं.

तुम्हाला कधी आमंत्रण आलं तर जरूर जा. दिवाळीनंतर जा, आणि शनिवार-रविवार टाळा. नाहीतर भूगाव-पिरंगुटाच्या वाहतूक कोंडीतच दुपार होते. काकूंच्या हातचा आंबेमोहोराचा भात आणि पिठलं चुकवू नका. स्पीकर उत्तम आहेत, यात शंका नाही. फक्त ऐकून झाल्यावर ‘छान वाटतंय’ असं चुकूनही बोलू नका. ‘‘कशाच्या तुलनेत?’’ असा प्रश्न येतो, आणि मग मुक्काम करावा लागतो.