आरोपी खिशातच आहे

घरातली वीज गेली की माणूस मेणबत्ती शोधतो. मोबाइल चार्ज होत नाही म्हटलं की तो दोषी माणूस शोधतो. या शोधाचा क्रम ठरलेला आहे. पहिला नंबर मुलाचा, कारण तो गेम खेळतो. दुसरा सुनेचा, कारण तिने काल त्याच चार्जरला स्वतःचा फोन लावला होता. मग महावितरण, कारण महावितरणवर काहीही ढकललं तरी खपतं. शेवटी चीन. एवढा सगळा तपास होतो, पण सॉकेटचं बटण चालू आहे का, हे बघायला कोणी उठत नाही. ते दुसऱ्या कोणीतरी बघितलं असणार, अशी घरातल्या प्रत्येकाची श्रद्धा असते.

याचं कारण असं की, लहान बिघाड आपल्या इभ्रतीला शोभत नाही. ‘मदरबोर्ड गेला’ असं सोसायटीच्या कट्ट्यावर जाहीर केलं की चारजण हळहळतात आणि पाचवा ‘माझाही गेला होता, काय वाट्टेल ते पैसे मागत होते’ म्हणत खुर्ची पुढे ओढतो. आता ‘चार्जिंगच्या खाचेत खिशातला भुसा अडकला होता’ असं सांगून बघा. कोणी खुर्ची ओढणार नाही. म्हणून तपास कायम महागाकडून स्वस्ताकडे चालतो, आणि बहुतेकांचा स्वस्तापर्यंत पोचतच नाही. वाटेतच हप्त्यावर नवा फोन येतो.

आणि आरोपी तर खिशातच असतो. हल्लीच्या टाइप-सी खाचेत मधोमध एक नाजूक जीभ असते. तिच्या दोन्ही अंगांना बारा-बारा मिळून चोवीस संपर्कबिंदू. फोन खिशात गेला की खाचेत धूळ आणि धागे शिरतात. रात्री आपण केबल खुपसतो तेव्हा ती तो ऐवज तळाशी ठासून बसवते. असं वर्षभर चाललं की तळाशी चांगली गादी तयार होते. मराठी पुरुषाच्या शर्टाच्या खिशातून निघालेली गादी नीट पाहिली तर तीत बडीशेपेची कुसं, एसटीच्या तिकिटाचा कपटा, कोणाकोणाच्या बाबतीत तंबाखूची चुरी आणि देवळातून आणलेला अंगारा एवढं सापडू शकतं. बायकांच्या पर्समधल्या फोनात बिस्किटाचा चुरा आणि टिकलीची चमक. एखाद्या संशोधकाने ठरवलं तर यावरून मालकाचं चरित्र लिहिता येईल.

लक्षणंही सरळ असतात. पूर्वी ‘टक्’ करून बसणारी केबल आता जराशी बाहेरच राहते. हलवली की चार्जिंग सुरू, सोडली की बंद. अशा वेळी खाच साफ करावी, असं कोणाला वाटत नाही. घरात एक कोन शोधला जातो. फोन उताणा, खाली उशीचा कोपरा, केबलवर पंचांग, पंचांगावर चष्म्याचं घर. हा कोन घरातल्या एकाच माणसाला साधतो. तो माणूस बाहेरगावी गेला की फोन उपाशी.

घरचे उपाय हरले की परदेशातल्या लेकाला फोन जातो, अर्थात आईच्या मोबाइलवरून. तो तिकडे अर्धवट झोपेत विचारतो, ‘बाबा, बंद करून चालू केला का?’ बाबा म्हणतात, ‘अरे, तो बंदच आहे!’ इथे लेकाच्या पगाराविषयी बाबांच्या मनात पहिल्यांदा शंका येते. खरं तर पोरगं चुकीचं बोलत नसतं. अडकलेला फोन चालू-बंदचं बटण आणि आवाज कमी करायचं बटण काही सेकंद एकत्र दाबून धरलं की पुष्कळदा ताळ्यावर येतो. आणि बॅटरी पार तळाला गेली असेल तर चार्जरला लावल्यावर अर्धा तास पडद्यावर काहीही न उमटणं, हे अगदी रीतसर आहे. पण आपण दर मिनिटाला उचलून, बटण दाबून, ‘अजून मेलेलाच आहे’ असं घरभर जाहीर करत असतो.

पाण्यात पडलेल्या फोनाची कथा याहून करुण. तो लगेच तांदळाच्या डब्यात जातो. कोणता तांदूळ, यावर घरात मतभेद होतात. इंद्रायणी चिकट, म्हणून बाद. आंबेमोहोर महाग. शेवटी कोलमवर तडजोड होते. अॅपलने २०२४ साली सरळ सांगितलं की, फोन तांदळात ठेवू नका, तांदळाचे बारीक कण आत जाऊन नुकसान करू शकतात. केबल काढा, खाच खाली करून फोन हलकेच तळहातावर आपटा, हवा खेळेल अशा कोरड्या जागी राहू द्या, एवढंच त्यांचं म्हणणं. बऱ्याच फोनांवर हल्ली ओल असल्याची सूचना पडद्यावर येते आणि ओल जाईपर्यंत फोन स्वतःहूनच वीज घेत नाही. याला आपण बिघाड म्हणतो. कॅलिफोर्नियाच्या सल्ल्याला आपल्या स्वयंपाकघरात अजून मान्यता मिळालेली नाही. तोवर तांदळाची खिचडी होते आणि फोन वाळतो तो आपला आपणच.

उन्हाळ्याचंही तसंच. आयफोन शून्य ते ३५ अंशांच्या हवेत वापरावा, असं कंपनी सांगते. म्हणजे मे महिन्यातला विदर्भ कंपनीच्या लेखी अस्तित्वातच नाही. नागपुरात पारा ४५ ला टेकलेला, फोन दुचाकीच्या हँडलवर उन्हात, त्यावर नकाशा चालू, शिवाय पॉवरबँक लावलेली. फोन म्हणतो, आता मी चार्जिंग थांबवतो, थंड झालो की बघू. तो बिचारा बॅटरी वाचवतोय आणि आपण चार्जरवाल्याशी भांडायला निघालोय. ८० टक्क्यांवर अडून बसलेल्या फोनावरही असाच अन्याय होतो. बॅटरी जास्त दिवस टिकावी म्हणून ती सोय मुद्दाम केलेली असते आणि सेटिंगमध्ये जाऊन बंदही करता येते. पण ‘माझा फोन ऐंशीच्या पुढे जातच नाही’ हे सांगताना चेहऱ्यावर जी व्यथा येते, ती सेटिंगने थोडीच जाणार.

एक बिघाड मात्र खरोखर मोठा असतो आणि नेमकं त्याच्याकडे दुर्लक्ष होतं. फोनाची पाठ उचलली गेली, पडदा कडेने सुटायला लागला, तर बॅटरी फुगलेली आहे. तो फोन चार्जरला लावायचा नाही, दाबून बसवायचा नाही, आणि चिकटपट्टी तर मुळीच लावायची नाही. आपण तिन्ही करतो. वर रबरी कव्हर चढवतो, म्हणजे दिसायलाही नको.

आता कंपन्यांकडे वळू. मोठ्या शब्दांची हौस फक्त आपल्यालाच आहे असं नाही. २०२० च्या ऑक्टोबरात आयफोन १२ आला तेव्हा खोक्यातून चार्जर गायब होता. कारण दिलं पर्यावरण. त्यावर बाकीचे हसले आणि लवकरच त्यांच्यापैकी काहींच्या खोक्यातलेही चार्जर निसर्गात विलीन झाले. पर्यावरणाची काळजी वाहायला ग्राहक दुकानात गेला आणि वेगळ्या खोक्यातला, वेगळ्या किमतीचा चार्जर घेऊन आला. युरोपने मग कायदाच केला. २८ डिसेंबर २०२४ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या फोनांना टाइप-सी सक्तीचं झालं. अॅपलने त्याआधीच, २०२३ च्या आयफोन १५ मध्ये, मुकाट्याने ती खाच बसवली होती. आपल्याला वाटलं, संपली कटकट. लग्नघरात ‘नोकियाची बारीक पिन आहे का हो कोणाकडे?’ म्हणत फिरण्याचे दिवस गेले. पण मांडव एक झाला तरी पंगती वेगळ्याच राहिल्या. एका कंपनीचा १२० वॉटचा चार्जर दुसरीच्या फोनाला लावा, तो बरेचदा रांगत रांगत चार्ज करतो, कारण दोघांची जलद चार्जिंगची भाषा जुळत नाही. केबली दिसायला सारख्या. एकीच्या पोटात जाड तारा, दुसरीच्या पोटात नावापुरत्या. आणि संगणकाच्या जुन्या यूएसबी खाचेला फोन लावून ‘दुपारपासून लावलाय, दहा टक्केसुद्धा चढला नाही’ म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की, ती खाच मुळात अडीच वॉटची. ती माउसला पोसण्यासाठी होती.

रेल्वेचं त्यातल्या त्यात कौतुक करायला हवं. आगीच्या भीतीने रात्री ११ ते पहाटे ५ गाडीतले चार्जिंग पॉइंट बंद ठेवायचे, असं २०२१ च्या मार्चमध्ये ठरलं. कारण खरं आणि सरळ. तरीही अकरा वाजले की डब्यात एकजण उठतो, पिन काढून फुंकर मारतो, शेजाऱ्याच्या बर्थजवळच्या सॉकेटात घालून बघतो आणि ‘हा चार्जर पण गेला’ म्हणत आडवा होतो. पहाटे पाचला चार्जर आपोआप बरा होतो. तो माणूस मात्र गाडीतून उतरल्याबरोबर फलाटावर नवा चार्जर घेतो.

एका सर्व्हिस सेंटरात टोकन घेऊन बसलो होतो. कंपनीचं नाव घेत नाही, कारण बाकीच्यांना वगळल्यासारखं वाटेल. पुढे सत्तरीचे एक काका होते. काउंटरवरच्या मुलीने त्यांचा फोन हातात घेतला, नंबर विचारला आणि म्हणाली,

‘काका, ओटीपी आला असेल, सांगा.’

‘कुठे?’

‘तुमच्या मोबाइलवर.’

‘मोबाइल तुझ्या हातात आहे.’

‘पण तो बंद आहे ना, काका.’

‘म्हणूनच आलोय ना, बाळ.’

‘घरातला दुसरा नंबर द्या मग. त्यावर पाठवते.’

‘हिचा आहे. पण ती ओटीपी कोणाला सांगत नाही. मीच बजावलंय, हल्ली फार फसवतात.’

‘तुम्ही बोला ना त्यांच्याशी, इथल्या फोनवरून. नंबर सांगा.’

काका गप्प झाले. काकूंचा नंबर फोनात होता.

शेवटी मॅनेजर आले, काहीतरी खुडबुड करून ओटीपीवाचून नोंद झाली, आणि फोन आत गेला. बाहेर आला तेव्हा निदान तयार होतं: पाणी गेलंय, वॉरंटीत बसत नाही. आतली पांढरी पट्टी भिजली की तांबडी होते, ती झाली होती. जाहिरातीत हाच फोन पोहण्याच्या तलावात बुड्या मारतो. वॉरंटीच्या बारीक अक्षरात मात्र तो पट्टीचा पोहणारा राहत नाही.

याउलट पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला टेबलाएवढ्या दुकानात बसलेला कारागीर बघा. चांगला असेल तर तो काही विचारत नाही. स्वतःची केबल लावतो, मीटरवर फोन किती अँपिअर खेचतोय ते बघतो, डोळ्याला भिंग लावून खाचेत डोकावतो, ब्रश फिरवतो. ‘कचरा होता’ म्हणतो आणि ‘द्या काय द्यायचं ते’ म्हणून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. जॅकच गेला असेल तरी तो आपल्याला मदरबोर्डची भीती घालत नाही. पुष्कळ अँड्रॉइड फोनांत जॅक खालच्या वेगळ्या पट्टीवर असतो, ती बदलली की काम होतं. वाईट कारागीरही त्याच गल्लीत बसतो. तो फोन हातात न घेताच ‘आयसी उडाली’ सांगतो. गंमत म्हणजे आपला विश्वास याच्यावर लवकर बसतो. ‘कचरा होता’ म्हणणाऱ्याकडे आपण संशयाने बघतो, याने आतला चांगला पार्ट तर काढून घेतला नाही ना?

बॅटरीच्या बाबतीत युरोप आता आणखी पुढे निघालाय. २०२७ च्या फेब्रुवारीपासून तिथे छोट्या उपकरणांच्या बॅटऱ्या वापरणाऱ्याला स्वतः काढता येतील अशा हव्यात, असा नियम आहे. आपल्याकडे ज्यांनी नखाने फोनाची पाठ उघडून, बॅटरी काढून, शर्टाला पुसून, फुंकर मारून परत बसवलेली आहे, त्यांना ही प्रगती बघून गहिवरून येईल. ते सगळं आपण कायद्यावाचूनच करत होतो.

असो. वाचकहो, पुढच्या वेळी फोन रुसला तर सुनेला, महावितरणला आणि चीनला तासभर मोकळं सोडा. सॉकेटचं बटण बघा. तोच चार्जर दुसऱ्या फोनाला आणि दुसरा चार्जर याच फोनाला लावून बघा, म्हणजे दोघांपैकी कोण खोटं बोलतंय ते कळेल. मग फोन पूर्ण बंद करा आणि लाकडी टूथपिकने, जिभेला धक्का न लावता, कडेकडेने गादी उकरा. सेफ्टी पिन नको, केसातली पिन नको, सुई तर नकोच. धातूने संपर्कबिंदू खरवडले की मग मदरबोर्डवाल्याचं भाकीत खरं ठरतं. टूथपिकची डबी कोपऱ्यावरच्या वाण्याकडे मिळते. जाताना सुटे पैसे न्या. स्कॅनर आहे ना, असं म्हणून निघू नका. तुमचा फोन बंद आहे.