बाप, पाप, ताप

आमच्या घराण्याचा एक कागद आहे. तो लोखंडी पेटीत, पेटी माळ्यावर आणि किल्ली कुठे ते कुणालाच माहीत नाही. आजोबा जाताना वडिलांना म्हणाले होते, "तेवढा कागद जपा." वडिलांनी जपला, म्हणजे उघडलाच नाही.

मग 2023 चा सप्टेंबर आला. निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायला सरकारने न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली आणि मराठवाड्यातल्या पेट्या फटाफट उघडल्या. ज्या मोडीला आणि उर्दूला काल कुत्रं विचारत नव्हतं, त्यांच्या जाणकारांना एका रात्रीत जावयाचा मान आला. आम्हीही कुलूप तोडलं. आत तपकिरी पडलेला एकच कागद, उर्दूत सात-आठ ओळी आणि मध्ये आकडे.

चुलतभाऊ म्हणाला, "दादा, हे सर्वे नंबर. आपलं एवढं वावर होतं?"

आकडे तेवढे मला लागले, कारण उर्दू उजवीकडून डावीकडे चालते, पण आकडे आपल्यासारखे डावीकडून उजवीकडेच. 38, 42, 24. भावाने तिथल्या तिथे मनातल्या मनात कुंपण घातलं.

आता वाचायला कुणाला द्यायचा? जमिनीचा कागद आमच्याकडे परक्याला दाखवत नाहीत, नात्यातल्याला तर मुळीच नाही. भावाने पाहिला हीच चूक झाली होती. तेव्हा मीच उर्दू शिकायचं ठरवलं. गाव हट्टा, हट्ट आमच्या पत्त्यातच आहे.

गुरू मिळाले शेजारच्या गल्लीतले शिंपी चाचा. वय पंच्याहत्तर, गळ्यात टेप, कानावर खडू. मशीन चालवता चालवता शिकवायचे, फी रोज एक चहा. कागदाबद्दल मी चकार शब्द काढला नाही. "शौक म्हणून शिकतोय," एवढंच सांगितलं. चाचांनी माझ्याकडे असं पाहिलं, की या वयात शौक असणाऱ्याची त्यांना काळजीच वाटली असावी.

पहिल्या दिवशी मी मोठ्या कौतुकाने गावाचं नाव लिहिलं. चाचांनी वाचलं, "हटा." मग चष्म्यावरून बघत, "किसको हटाते जी?" उर्दूत अक्षराचं दुप्पटपण दाखवायला वर एक इवलीशी खूण करतात, तिला तशदीद म्हणतात. ती विसरलो की अख्खं हट्टा हटलं.

दुसरं दुखणं उच्चाराचं. "ख़े गले से निकालो, गले से." मी घरी सराव करू लागलो. तिसऱ्या ख़काराला आतून आवाज आला, "अहो, घसा धरला का?" आणि समोर हळदीचं दूध. आमच्या वसमत तालुक्यात दुसरं औषध नाही. आठ दिवसांत ख़े आला नाही, पण घरची हळद निम्मी झाली. क़ाफ तर खुद्द चाचांनाही येत नव्हता. दख्खनीत क़चा ख़ होतो, त्यामुळे ते क़लमला सरळ 'ख़लम' म्हणत.

"चाचा, हा तर ख़े झाला."

"हौ. अपने इधर ऐसाच बोलते. नक्को डोकं लगाव."

हा 'नक्को' दख्खनीने आपल्याकडूनच उचललेला, तेव्हा मी हिशेब फिटला असं समजलो. पुढे ज़ आला. एका ज़साठी चार अक्षरं: ज़ाल, ज़े, ज़्वाद, ज़ोए. आवाज चौघांचा एकच. "मग चार कशाला?" चाचा म्हणाले, "अरबी लफ़्ज़ की लिखावट नहीं बदलते." म्हणजे पाहुणा कायमचा घरात राहायला आला, तरी जेवतो स्वतःच्याच ताटात.

याच सुमारास न्यूयॉर्कहून भाच्याने एका बेकरीच्या पाटीचा फोटो पाठवला. "मामा, ब्रुकलिनमध्ये यिडिश बोलणाऱ्या ज्यूंची वस्ती आहे. मी मोबाइलवर त्यांची लिपी शिकतोय. तुमचं काय चाललंय?" यिडिश ही जर्मनच्या गोतातली भाषा, पण लिहितात हिब्रू अक्षरांत, उजवीकडून डावीकडे. या भाषेत लिहिणाऱ्या आयझॅक बाशेविस सिंगरना 1978 चं नोबेल मिळालं. मी म्हटलं, पाटीवरची अक्षरं एकेक करून सांग. तो म्हणाला, "बेत, रेश, वाव, योद, तेत." मी उडालोच. अरे, हे तर आमचे बे, रे, वाव, ये, तोए! वाव आणि योद शेजारी बसले की 'ऑय'. शब्द झाला ब्रॉयट, म्हणजे ब्रेड. हट्ट्यात बसून मी ब्रुकलिनचा पाव वाचला.

मग मामा-भाच्यांची रोज जुंपू लागली. अलिफ आणि अलेफ सख्खे भाऊ. उर्दूचा ऐन बहुतेक वेळा नुसता तोंड मिटून बसतो, यिडिशने त्यालाच 'ए' करून कामाला लावलं. त्यांच्याकडेही 'स'ला तीन अक्षरं, कारण हिब्रूतून आलेले शब्द हिब्रूसारखेच लिहायचे. म्हणजे स्वतःचं ताट घेऊन आलेला पाहुणा तिकडेही होताच. ख़ तर त्यांनाही घशातूनच लागतो, फक्त हळद नाही. आणि 'त्सादिक' नावाच्या ज्या अक्षरावर भाच्याच्या अमेरिकन मित्रांची बोबडी वळत होती, तो आपल्या 'चाका'तला आणि 'चमच्या'तला च निघाला. आपल्या कोकणातले बेने इस्राएल ज्यू तर मराठीच बोलणारे. वल्हांडणाच्या सणाला वाचायच्या हग्गादाची हिब्रू-मराठी आवृत्ती मुंबईत 1846 सालीच निघाली होती. एका पानावर दोन भाषा समोरासमोरून चालत यायच्या आणि कुणाची टक्कर होत नव्हती.

एवढा आत्मविश्वास आल्यावर मी दार लावून कागद उघडला. आणि गाडं रुतलं. तो शिकस्ता लिपीत होता. शिकस्ता म्हणजे मोडकी. लिहिणारा घाईत असला की टिंबं गाळतो. उर्दूत सगळी इभ्रत टिंबांवर. खाली एक टिंब दिलं तर ब, तीन दिली तर प, वर दोन दिली तर त, एक दिलं तर न. टिंबं गेली की बाप, पाप, ताप आणि नाप यांचा चेहरा एकच.

मथळ्याला पहिलाच शब्द असा बिनटिंबाचा. मी विचार केला, घराण्याच्या कागदात पाप कोण लिहील? बापच असणार. पुढचा शब्द अक्षर अक्षर जुळवून लावला: सिरवानी. भावाला फोन केला, "पणजोबांच्या बापाचं नाव सापडलं. सिरवानी."

"असं कुठं नाव असतं का?"

"निजामाच्या काळात असेल."

पंधरा दिवस आम्ही सिरवानीचे वंशज म्हणून ताठ मानेने फिरलो. शेवटी न राहवून कागद चाचांपुढे ठेवला. त्यांनी मशीन थांबवलंसुद्धा नाही. "नाप, शेरवानी. सीना 38, लंबाई 42, आस्तीन 24. तारीख ख़ुरदाद, 1355 फसली." म्हणजे 1946 चा एप्रिल, ऐन लग्नसराई, आणि त्याच उन्हाळ्यातलं आजोबांचं लग्न. तेव्हा हट्टा निजामाच्या परभणी जिल्ह्यात होतं, 1999 पासून हिंगोलीत आहे. गाव जागचं हललं नाही, फक्त कागद वाचणारे उठून गेले.

चाचांनी गळ्यातला टेप काढून माझ्या छातीला लावला. "तुम्हारा 44 है. पेट का अलग लिखना पड़ेगा."

भावाने एवढंच विचारलं, "मग वावर?" म्हटलं, वावर नाही, छाती आहे. 38 इंच.

तुमच्या पेटीत असा कागद असेल तर वकिलाकडे जाण्याआधी गल्लीतल्या म्हाताऱ्या चाचांना दाखवा. ते आहेत तोवरच.