शेवटच्या दोन बारांचा कारभार

ब्लूज या अमेरिकन संगीतप्रकाराचा आराखडा इतका अल्पाक्षरी आहे की, मामलेदार कचेरीतील अव्वल कारकुनाने तो एका ओळीत दप्तरी दाखल केला असता : एकंदर बारा बार, पैकी पहिले चार षड्जाच्या कॉर्डचे, पुढील दोन मध्यमाच्या, पुन्हा दोन षड्जाच्या, नववा पंचमाचा, दहावा मध्यमाचा, आणि बाकी दोन. या बाकीतच टर्नअराउंडचे, म्हणजे पुढील आवर्तनाकडे नेणाऱ्या वळणाचे, वास्तव्य असते. आणि माझे नम्र परंतु ठाम मत असे की, उत्स्फूर्त वादन करणाऱ्या गिटारवादकाची झडती घ्यावयाची ती इथेच.

पहिल्या दहा बारांत, पंचस्वरी सुरावट हाताशी असली म्हणजे, बेताच्या वकुबाचा मनुष्यही डोळे मिटून, मान वेळावून आणि एखादी तार ताणून पुरेसा दुःखी भासू शकतो. अकराव्यात षड्ज लाभताच आपले काम फत्ते झाले अशा समजुतीने तो सुस्तावतो, तोच बाराव्यात पंचमाची कॉर्ड पोटात शुद्ध निषाद घेऊन हजर होते आणि हा गृहस्थ कोमल निषादाला कवटाळून बसलेला असतो. हे घर्षण ब्लूजला वर्ज्य नाही, किंबहुना प्रियच आहे. मात्र ते वादकाच्या संमतीने व्हावे, एवढीच रसिकांची माफक अपेक्षा.

‘येतो आता’ म्हणून उठलेला, वहाणा पायांत सरकवलेला पाहुणा उंबरठ्यावर असा काही विषय काढतो की चहाचे आधण पुन्हा चढवावे लागते. टर्नअराउंडचा धर्म नेमका हाच. म्हणून जाणते वादक पुढील आवर्तनाच्या पहिल्या बारात कोणत्या स्वरावर उतरावयाचे, षड्जावर की गांधारावर, हे आधी मुक्रर करतात आणि तेथून उलट्या पावली वाट आखतात. ब्लूजवादक रॉबर्ट जॉन्सन यांनी 1936 च्या नोव्हेंबरात सॅन अँटोनिओ येथे केलेल्या ध्वनिमुद्रणांत वरच्या तारेवर षड्ज अचल ठेवून खालून कोमल निषाद, शुद्ध धैवत, कोमल धैवत, पंचम अशी उतरण ऐकू येते. चौरस्त्यावर सैतानाला आत्मा लिहून देऊन त्यांनी ही विद्या संपादन केली, अशी वदंता आहे. तसा करारनामा खरोखर झालाच असेल, तर त्यातील मुख्य कलम या चार स्वरांचेच असावे; उरलेल्या दहा बारांसाठी आत्मा गहाण टाकण्याचे प्रयोजन मला दिसत नाही.

जॅझवाल्यांनी तर याच दोन बारांत षड्ज, धैवत, ऋषभ आणि पंचम अशा चार कॉर्डांना अर्ध्या-अर्ध्या बाराची इनामे वाटून दिली, आणि नवशिक्याची उरलीसुरली झोप उडविली.

ब्लूजवादक जॉन ली हूकर यांनी मात्र या साऱ्या कारभारालाच रजा दिली. 1948 साली डेट्रॉइटमध्ये मुद्रित केलेले त्यांचे ‘बूगी चिलन’ एकाच कॉर्डवर, पायाच्या ठेक्याने, कोठेही वळण न घेता चालते. आणि पुढे साथीदार लाभले तरी हूकरसाहेब आपल्या मर्जीने, कधी बारा बार भरण्यापूर्वी तर कधी ते उलटून गेल्यावर वळत असल्यामुळे, साथीदारांनी बार मोजण्याचा नाद सोडून त्यांच्या हातांकडे पाहावे, हेच श्रेयस्कर असे.