दऱ्याखोऱ्यांतील उपकरणविद्या : भोर-वेल्ह्यातील साधकांसाठी

विकत घेतलेल्या यंत्राकडून, त्याच्या निर्मात्याने कबूल केले त्याहून अधिक काम, आणि तेही शक्यतो एक रुपया न मोजता, करवून घेण्याच्या विद्येला प्रस्तुत प्रकरणात 'उपकरणविद्या' म्हटले आहे. लोकव्यवहारात तिला 'खटपट' हा अधिक नेमका शब्द आहे. खटपट करणाऱ्यास घरातील मंडळी 'नसते उद्योग' म्हणून हिणवत असली, तरी अडलेला रिमोट प्रथम त्याच्याच हाती देतात, हे या विद्येच्या शास्त्रीय दर्जाचे पुरेसे प्रमाण मानावे. सपाट मुलखातील साधकाला यंत्राशी झगडावे लागते. भोर आणि वेल्हे या तालुक्यांत झगडा डोंगराशी असतो, आणि डोंगर वॉरंटीत येत नाही. (पैकी वेल्ह्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये घेतला, त्यामुळे ऑनलाइन अर्जातील तालुक्यांच्या यादीत एक नाव सापडले नाही तर दुसरे शोधावे, ही या विद्येतील पहिली व सर्वांत स्वस्त युक्ती होय.)

'रेंज' म्हणजे मनोऱ्यापासून फोनपर्यंत पोहोचणाऱ्या रेडिओ लहरींचा आवाका. हिर्डस मावळ, गुंजण मावळ, कानद मावळ, वेळवंड खोरे ही नावेच सांगतात की येथील वस्ती खोऱ्याखोऱ्यांनी वसली आहे आणि दोन खोऱ्यांच्या मध्ये एक धार उभी आहे. लहरी मुख्यतः सरळ जातात. अडथळ्याच्या कडेशी त्या थोड्या वळतात, ज्यास विवर्तन म्हणतात, आणि लहर जितकी लांब तितकी ती अधिक वळते. ९०० मेगाहर्ट्झची लहर सुमारे ३३ सेंटिमीटर लांब असते, तर ५जी साठी वापरल्या जाणाऱ्या ३५०० मेगाहर्ट्झची जेमतेम साडेआठ. म्हणजे नेटवर्क जितके नवे आणि वेगवान, तितका त्याला डोंगराच्या पलीकडे डोकावण्याचा बहुधा कंटाळा अधिक. यावरून पहिला विधी निष्पन्न होतो : फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्कचा प्रकार ५जी वरून एकेक पायरी खाली आणावा आणि कंपनीचे जुने नेटवर्क त्या भागात अजून हयात असल्यास त्याच्यावर बोलणे उरकावे. शेजाऱ्याने फोनच्या कोपऱ्यातील '२जी' पाहून कीव केली तर करू द्यावी, कारण फोन करण्यासाठी पुढच्या वेळी तो आपल्याच ओट्यावर येणार असतो.

दुसरा विधी स्थानशोधनाचा. प्रत्येक वाडीत रेंजची एक जागा असते : देवळाची तिसरी पायरी, गोठ्याचा उत्तरेकडील कोपरा किंवा बांधावरचा एखादा दगड. ती जागा सापडल्यावरही फोन वीतभर सरकवला की आवाज तुटतो, याचे कारण असे की खोऱ्याच्या दोन्ही अंगांवरून परावर्तित झालेल्या लहरी एकमेकींत मिसळून कोठे एकमेकींना बळ देतात, तर कोठे पुसून टाकतात, आणि अशा बळकट व पुसट जागांमधील अंतर लहरीच्या लांबीच्या काही अंशाएवढेच असते. तेव्हा 'जरा डावीकडं सरक' ही आज्ञा अंधश्रद्धा नसून भौतिकशास्त्र आहे. जागा सार्वजनिक असल्याने तेथील संभाषणही सार्वजनिक ठरते. सोयरिकीची बोलणी आणि जमिनीच्या वाटण्या या दोन विषयांसाठी पहाटेची वेळ निवडावी.

या शास्त्राची येथील परंपरा मोबाईलपेक्षा जुनी आहे. सिंहगडावर दूरदर्शनचा मनोरा उभा राहिल्यावर घरोघरी कौलांवर ॲल्युमिनियमच्या दांड्यांचे अँटेने चढले. जपानमधील उदा आणि यागी या दोन संशोधकांनी १९२६ च्या सुमारास मांडलेल्या या अँटेन्याचे वैशिष्ट्य असे की तो एकाच दिशेचे नीट ऐकतो, आणि म्हणूनच ती दिशा शोधण्यासाठी कौलावर एक मुलगा, अंगणात एक निरोप्या आणि पडद्यासमोर एक परीक्षक अशी त्रिस्तरीय रचना लागे. 'आलं का?', 'आलं, आलं... गेलं!' हा तिचा संवाद आजही रेंजच्या दगडापाशी जसाच्या तसा ऐकू येतो. अँटेना मात्र आता दोडक्याच्या वेलाला आधार देतो, आणि त्या कामात त्याची दिशा कधी चुकत नाही. अधिक मागे जायचे तर गडांकडे पाहावे. तोरणा १,४०३ मीटर उंच आहे, आणि निरभ्र दिवशी राजगडावरून तोरणा, सिंहगड आणि पुरंदर दिसतात; मोबाईलच्या मनोऱ्यासाठी अभियंते ज्या 'दृष्टिरेषे'चा, म्हणजे दोन ठिकाणांमधील बिनअडथळ्याच्या सरळ रेषेचा, शोध घेतात, तिचा विचार सतराव्या शतकात येथे झालेला होता. फोन लागत नाही म्हणून वैतागलेला दुर्गप्रेमी माथ्यावर पोहोचताच त्याचे सर्व साठलेले मेसेज एकदम का वाजू लागतात, याचे उत्तर त्याच रेषेत आहे.

रेंज अंधुक असली की फोन मनोऱ्याला ऐकू जावे म्हणून अधिक जोर लावून प्रक्षेपण करतो, ९०० मेगाहर्ट्झच्या २जी वर कमाल २ वॅटपर्यंत, आणि बॅटरी दुपारीच मान टाकते. उपाय म्हणून, ज्या घरात रेंज मुळी येतच नाही तेथे फोन 'फ्लाइट मोड'वर, म्हणजे सर्व प्रक्षेपण बंद असलेल्या अवस्थेत, ठेवावा. रेंजच्या जागी आल्यावर हाच मोड दहा सेकंद लावून काढला की फोन मनोऱ्यांचा शोध नव्याने घेतो. वेल्ह्यात विमान उतरत नसले तरी या मोडाचा सर्वाधिक सदुपयोग तेथेच होतो.

याच ठिकाणी एक गूढ उकलणे आवश्यक आहे. डोंगरापलीकडचा, चार किलोमीटरवरचा मनोरा फोनला भेटत नाही, परंतु सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरचे जीपीएसचे उपग्रह भेटतात, कारण ते डोक्यावर असतात आणि फोनने त्यांचे नुसते ऐकायचे असते, उत्तर द्यायचे नसते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याला शेतात उभे राहून पिकाचा फोटो काढावा लागतो. तो शेतात काढावा आणि पाठवण्याचे काम रेंजच्या दगडावर उरकावे. स्थान ठरण्यासाठी किमान चार उपग्रह दिसावे लागतात, म्हणून डोंगराच्या अंगाला किंवा आंब्याखाली न उभे राहता खाचराच्या मध्यभागी, जेथे आभाळ सर्वांत मोठे असेल तेथे, जावे. इंटरनेट नसताना उपग्रहांच्या जागांची माहिती फोनला उपग्रहांकडूनच सेकंदाला ५० बिट या गतीने मिळते. चिखलात उभ्या असलेल्या साधकाने ही गती तालुक्याच्या कचेरीतील गतीशी ताडून पाहिल्यास मन शांत राहते. पुण्याहून येणाऱ्या पर्यटकाने नकाशा चेलाडी फाट्याआधीच फोनमध्ये उतरवून घ्यावा, अन्यथा त्याला रस्ता माणसांना विचारावा लागेल.

ध्वनिवर्धनाचा विधी स्वयंपाकघरात आहे. लावणीच्या दिवसांत ओटीवर भजन किंवा बातम्या मोठ्याने ऐकायच्या असल्यास फोन रिकाम्या स्टीलच्या पातेल्यात उभा ठेवावा. चहूकडे विखुरणारा आवाज भिंतींवर आपटून तोंडाने बाहेर पडतो आणि खणखणीत वाटतो. तांब्यात ठेवल्यास तो घुमतो व निवेदकास सर्दी झाल्याचा भास होतो. तथापि मायकेल फॅरेडे याने १८३६ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे धातूचे आवरण विद्युत्क्षेत्राला आत येऊ देत नाही. पातेल्याचे तोंड उघडे असल्याने ही तटबंदी अपुरी असली, तरी काठावर तगून असलेल्या रेंजला तेवढीही पुरे होते. सारांश, गाणे आधी उतरवलेले असेल तरच पातेले वापरावे. आवाज मोठा आणि संपर्क शून्य ही अवस्था सार्वजनिक जीवनातही आढळते, पण तो या प्रकरणाचा विषय नव्हे.

पाण्यात पडलेला फोन तांदळाच्या डब्यात पुरण्याचा उपचार भातपट्ट्यात स्वाभाविकपणे लोकप्रिय आहे, आणि त्यासाठी इंद्रायणी श्रेष्ठ की आंबेमोहोर यावर वादही घालता येईल. खेदाची गोष्ट एवढीच की कोरडा तांदूळ बंद डब्यात फारसे पाणी ओढत नाही, उलट त्याचा कोंडा व कणी चार्जिंगच्या भोकात शिरते, आणि ॲपलने २०२४ मध्ये आपल्या ग्राहकांना तसे न करण्याची स्पष्ट सूचना दिली. फोन बंद करून, भोक खाली धरून, वाऱ्यावर ठेवावा. तांदूळ शिजवावा.

वीज गेल्यावर वायफायचा राउटर चालवण्यासाठी पाठीवरच्या बॅटरीच्या फवारणी पंपाकडे वळावे. त्यात बहुधा १२ व्होल्टची, ८ अँपिअर-तासांची बॅटरी असते, आणि अनेक राउटरांनाही १२ व्होल्टच लागतात. १ अँपिअर खाणारा राउटर हिशेबाने आठ तास, व्यवहारात त्याहून बराच कमी वेळ चालतो. राउटरच्या पाठीवर छापलेले व्होल्ट आधी वाचावेत आणि पिनेचा धन व ऋण टोकांचा क्रम तपासावा, कारण तो उलटा झाल्यास राउटर फवारणीच्याही लायकीचा राहत नाही. एवढे करूनही वरंध घाटाच्या बाजूने आलेल्या पावसात खांबावरची तार तुटलेली असेल, तर देव्हारा सजला आणि देव गावाला गेला, असे समजून पंप पुन्हा पाठीला लावावा.

शेवटची युक्ती सॉफ्टवेअरची, आणि या मुलखात ती सर्वांत निकडीची आहे. 'दऱ्याखोऱ्या' हा शब्द लिहिण्यासाठी लागणारा अर्धा 'र' नेहमीच्या 'र'पासून सहजी होत नाही. युनिकोड या जागतिक अक्षरसूचीत त्यासाठी ०९३१ या क्रमांकाचे 'ऱ' हे वेगळे अक्षर आहे, आणि काही मराठी कळफलकांवर ते 'र'ची कळ दाबून धरल्यावरच वर येते. साध्या 'र'ने काम भागवणाऱ्याचा 'दऱ्या' हा शब्द 'दर्या' होतो, म्हणजे समुद्र. आणि मग रस्ता खचल्याचा, दरड कोसळल्याचा अर्ज वाचणाऱ्यास तालुका भोर, जिल्हा पुणे येथे दर्या नेमका कोठून आला, असा प्रश्न पडून तो अर्ज खुलाशासाठी परत येतो. खुलासा अर्थातच रेंजच्या दगडावरून पाठवावा.