हद्दी आधी, ओढा नंतर

रँडल अरेंट या अमेरिकन नियोजनकाराने १९९६ साली ग्रंथ लिहून असे प्रतिपादिले की, वसाहत आखताना प्रथम ओढे, पाणथळ जागा व जुनी झाडी राखून ठेवावी, नंतर घरांच्या जागा मुक्रर कराव्यात, मग रस्ते, आणि प्लॉटांच्या हद्दी सर्वांत शेवटी ओढाव्यात, म्हणजे बांधण्याजोग्या जमिनीचाही निम्मा भाग मोकळा राहील. आमच्या शिरस्त्यात मोजणीचे दगड आधी रोवले जातात. ४,००० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडात १० टक्के खुली जागा सोडण्याचे नियमावलीचे फर्मान आहेच. तेव्हा उरल्यासुरल्या तिरक्या कोपऱ्यात एक घसरगुंडी आणि देणगीदाराचे नाव कोरलेली दोन सिमेंटची बाके बसविली की पर्यावरणाची बेबाकी होते, आणि जी राई तोडली तिच्या स्मरणार्थ इमारतीस ‘आम्रकुंज’ हे नाव देण्याइतकी कृतज्ञता विकासकाच्या ठायी हटकून असते. ओढा मात्र बिनशेती हुकूम निघाल्यावरही आपली वहिवाट सोडीत नाही. आषाढात तो तळघरातील वाहनतळाची समक्ष पाहणी करून जातो, आणि रहिवाशांच्या तक्रारअर्जावर यथावकाश शेरा पडतो : ‘मंजूर नकाशात ओढा आढळून येत नाही, सबब अर्ज दफ्तरी दाखल.’